राखीव

चौरसिया मॅडमनी फॉर्म दिला, त्यावर दोनच ओळी:
मुख्य विषय. पर्यायी विषय.
खाली बारीक अक्षरात, खेळाशी संबंध असणे आवश्यक.
शुक्रवारी पाचपर्यंत.

सोमवार कुस्तीत गेला.
नंदलालपुऱ्यातल्या आखाड्यात उस्ताद म्हणाले,
लिहायला आलीस? आधी माती चाळून दाखव.
चाळली. दोन घमेली.
विषय सापडला नाही, शिंका तेवढ्या
बुधवारपर्यंत टिकल्या.

मंगळवारी क्रिकेट. वर्गातल्या सातजणांनी तेच लिहिलेलं,
मीही लिहिलं, मुख्य ओळीवर, पेनाने,
इंदूरात पोह्यांवर शेव पडते तसं,
कुणी न विचारता.

बुधवारी लायब्ररीत
खेळांचं कपाट उघडायला बोधनकर बाई उठल्या.
उठल्या म्हणजे कशा,
हात खुर्चीला न लावता, एकाच पावलावर,
पाठीवर थाप बसून
कानात कुणी ओरडल्यासारख्या.
बाई, तुम्ही खो-खो खेळायचात?

खेळायचे नाही. टीममध्ये होते.

आणि शिक्का मारला एका पुस्तकावर
जे सतरा वर्षांत कुणी नेलं नव्हतं.

बाकीचं तुकड्यातुकड्यांनी कळलं,
मध्ये मुलं येत होती, पुस्तकं टाकून जात होती.
चिमणबाग. तीन सीझन. बारा नंबर.
नऊजणी मैदानात, तिघी बाहेर सतरंजीवर,
त्यातली शेवटची सुलभा, तेव्हाची पिंगळे,
रतलामला, देवासला, महूला,
वेणी आवळून, ओढणी कमरेला खोचून, तयार.
सगळ्यांच्या बांगड्या माझ्याकडे, म्हणाल्या,
कानातली, घड्याळं,
एकीचं महिन्यापूर्वीचं मंगळसूत्र,
रुमालात बांधून मांडीवर.
कुठली कुणाची, आजही सांगेन.

निर्मला डावीकडे झुकली की उजवीकडे जाणार.
हेमलताचा श्वास सहाव्या मिनिटाला वाजायला लागतो.
सगळं पाठ. अजून वर्तमानकाळात.

आणि तुम्ही एकदाही…?

खंडव्याला उठवलं होतं सरांनी.
रुमाल कुणाकडे द्यावा ते बघत होते.
तेवढ्यात शिट्टी झाली.
दोन रुपये दंड,
हे पुढच्या मुलाला.

जुन्या स्कोअरशीट मागितल्या तर त्यांनी
न शोधता काढून दिल्या.
बाराव्या नावापुढे एक आडवी रेघ.
पुढच्या पानावर तशीच.
पट्टीने मारलेली, कुणाचा तरी हात स्वच्छ होता.

रात्री खोलीवर पेन्सिलने लिहिलं, दुसऱ्या ओळीवर:
आंतरमहाविद्यालयीन खो-खोमधील राखीव खेळाडू, एक अभ्यास.
'एक अभ्यास' मॅडमना आवडतं.

शुक्रवारी मॅडमनी क्रिकेट खोडलं.
आठवी आहेस तू. आणि हे पेन्सिलचं काय?
राखीव विषय आहे, मॅडम.
संदर्भ?
एक कपाट.
सॅम्पल?
एक.
चष्म्यावरून बघत राहिल्या बराच वेळ.
मग सही करता करता,
बारह तो करो, कम से कम.

बाई कुलूप लावत होत्या.
म्हटलं, झाला पास. अकराजणी शोधायच्यात अजून,
पहिल्या तुम्ही.
पहिल्या, हा शब्द त्यांनी
जरा थांबून ऐकला, नाव चुकलं असेल तर
कुणी दुरुस्त करील म्हणून.
कुणीच काही बोललं नाही.
मग कुलूप परत उघडलं, पंखा लावला,
मनगटावरचं घड्याळ काढलं, दोन बांगड्या काढल्या,
एक जरा अडली,
आणि माझ्यापुढे धरलं सगळं: सांभाळ.

रुमाल नव्हता माझ्याकडे.
ओढणीच्या टोकाला गाठ मारून मुठीत धरलं
आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावायला
हातच मोकळा राहिला नाही.